वसईचा तह (१८०२)

वसईचा तह हा दुसरे बाजीराव पेशवे आणि इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे झालेला तैनाती फौजेचा तह होय. तहात एकोणीस कलमे होती. कंपनीच्या वतीने पुणे दरबारातील रेसिडेंट लेफ्टनंट कर्नल बॅरी क्लोज याने तो ठरविला. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याने मंजूर केलेली प्रत मार्च १८०३ मध्ये पेशव्यांना देण्यात आली. तहाची कायदेशीर मंजुरी अशा रीतीने अडीच-तीन महिन्यांत पूर्ण झाली. मात्र ज्यांच्या संमतीविना तो अंमलात येणे अवघड होते, त्या शिंदे, भोसले व होळकर या प्रमुख मराठा सरदारांनी तो मान्य केला नाही. या मतभेदातून दुसरे इंग्रज-मराठा युद्ध (१८०३-१८०५) उद्भवले. इंग्लंडमध्येही हा तह वादग्रस्त ठरला.

तह जेथे झाला ती वसई तेव्हा पेशव्यांच्या अंमलाखालील उत्तर कोकणात होती. आज ती महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यात असून जव्हार व मोखाडा हे डोंगरी तालुके याच जिल्ह्यात येतात.

पार्श्वभूमी

सवाई माधवरावांचा ऑक्टोबर १७९५ मध्ये मृत्यू झाल्यानंतर वारसाहक्काचा वाद वर्षभर चालला आणि डिसेंबर १७९६ मध्ये रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव पेशवेपदावर आले. शिंदे, होळकर, भोसले व गायकवाड ही घराणी नावाने पेशव्यांच्या आज्ञेत असली, तरी आपापल्या मुलखात ती जवळजवळ स्वतंत्र होती. त्यांच्यात मेळ राखण्याचे काम नाना फडणवीस करीत असत. १३ मार्च १८०० रोजी नानांचे निधन झाले आणि दौलतीतील तोल ढळला. पुण्याच्या कारभारावर दौलतराव शिंदे यांचे वर्चस्व वाढले.

याच काळात लॉर्ड वेलस्लीने हिंदी संस्थानिकांना तैनाती फौजेच्या योजनेत आणण्याचे धोरण अवलंबिले होते. संस्थानिकाच्या मुलखात कंपनीची पलटणे ठेवायची, त्यांचा खर्च संस्थानिकाने द्यायचा आणि परराज्यांशी त्याचे व्यवहार कंपनीच्या विचाराने चालायचे, असे या योजनेचे स्वरूप होते. हैदराबादच्या निजामाने १७९८ मध्ये आणि पुढे १८०० च्या तहाने ही व्यवस्था स्वीकारली. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर १७९९ मध्ये म्हैसूरच्या मुलखातील काही भाग पेशव्यांना अटींसह देऊ करण्यात आला, परंतु पुणे दरबाराने त्या अटी नाकारल्या. १८०२ पर्यंत बाजीरावांनी कंपनीची फौज आपल्या मुलखात कायमची ठेवून घेण्यास संमती दिली नव्हती.

एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावांनी विठोजी होळकर यांना पुण्यात हत्तीच्या पायी देऊन ठार मारविले. विठोजींचे बंधू यशवंतराव होळकर यांनी पुढील वर्षी पुण्यावर चाल केली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसर येथे झालेल्या लढाईत शिंदे व पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव झाला. त्याच दिवशी पेशव्यांच्या कारभाऱ्याने रेसिडेंट क्लोज याच्याकडे एक प्राथमिक कबुलीपत्र दिले. कंपनीची सहा पलटणे ठेवून घेऊन त्यांच्या खर्चासाठी पंचवीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून देण्याची तयारी त्यात दाखविली होती. तहाचा गाभा अशा प्रकारे लढाईच्या दिवशीच ठरला होता.

वसईतील वाटाघाटी

बाजीराव पुण्याहून सिंहगड, तेथून रायगड व महाड असे कोकणात उतरले. पुढे किनाऱ्यावर सुवर्णदुर्गाच्या बाजूस जाऊन इंग्रजी जहाजातून डिसेंबरात ते वसईस पोहोचले. यशवंतरावांनी पुण्यात अमृतराव यांच्या हाती कारभार दिला व अमृतरावांचे पुत्र विनायकराव यांना मसनदीवर बसविण्याचा घाट घातला. क्लोजने पुण्यात राहून मध्यस्थी करावी असा यशवंतराव व अमृतराव यांचा आग्रह होता. तो न मानता क्लोज नोव्हेंबरअखेर पुणे सोडून मुंबईकडे गेला आणि वसईस पेशव्यांना भेटला.

वसईची निवड भूगोलाने ठरविली होती. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतलेली वसई पेशव्यांचे ठाणे होती, तर खाडीपलीकडील साष्टी बेट १७७४ च्या अखेरीपासून इंग्रजांकडे होते व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले होते. त्यामुळे पेशवे स्वतःच्या मुलखातही होते आणि इंग्रजांच्या आश्रयाच्या टप्प्यातही होते. बाजीरावांचे वडील रघुनाथराव यांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात हीच वसई साष्टीसह इंग्रजांना देऊ केली होती.

प्रमुख तरतुदी

तहातील महत्त्वाच्या तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या:

• एका पक्षाचे मित्र व शत्रू ते दुसऱ्या पक्षाचेही मित्र व शत्रू समजावेत. पेशव्यांच्या मुलखाचे रक्षण कंपनीने करावे.
• सहा हजारांहून कमी नसलेले कवायती पायदळ, तोफा व युरोपीय गोलंदाज यांसह पेशव्यांच्या मुलखात कायम ठेवावे.
• या फौजेच्या खर्चासाठी सालीना २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीस तोडून द्यावा. हा मुलूख मुख्यतः गुजरातेत आणि दक्षिणेस तुंगभद्रेच्या बाजूस, सावनूर-बंकापूर भागात होता.
• इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या युरोपीय राष्ट्राच्या माणसांना पेशव्यांनी नोकरीत ठेवू नये.
• सुरतेवरील आपले हक्क पेशव्यांनी सोडावेत.
• निजामाशी असलेल्या देण्याघेण्याचे वाद कंपनीच्या लवादाने मिटवावेत.
• आनंदराव गायकवाड यांनी कंपनीशी केलेला करार पेशव्यांनी मान्य करावा व गायकवाडांकडील येण्याचा हिशेबही कंपनीच्या मध्यस्थीने व्हावा.
• कंपनीशी अगोदर विचारविनिमय केल्याशिवाय पेशव्यांनी कोणत्याही अन्य सत्तेशी वाटाघाटी सुरू करू नयेत किंवा चालवू नयेत.
• पेशव्यांचे आप्त, प्रजा व नोकर यांच्या बाबतीत कंपनीने हात घालू नये.

१६ डिसेंबर १८०३ च्या पुरवणी कलमांनी मुलखाची अदलाबदल झाली. कंपनीने सावनूर-बंकापूरकडील भाग परत देऊन त्याच्या मोबदल्यात बुंदेलखंडातील मुलूख घेतला.

मंजुरीची प्रक्रिया

इंग्रजांच्या प्रथेप्रमाणे वकिलाने तहनामा ठरविला, तरी वरिष्ठ सत्तेच्या मंजुरीवाचून तो पुरता बंधनकारक होत नसे. वसईच्या तहातही कलकत्त्याहून गव्हर्नर जनरलच्या सहीशिक्क्याची प्रत आणवून पेशव्यांना देण्याचे क्लोजने कबूल केले होते. ती प्रत मिळाली की तह पूर्ण व्हावयाचा होता. त्याप्रमाणे वेलस्लीने मंजूर केलेली प्रत मार्च १८०३ मध्ये पेशव्यांच्या हाती देण्यात आली.

मंजुरी ही केवळ औपचारिक बाब नव्हती, हे आधीच्या पाव शतकातील इंग्रज-मराठा तहांवरून दिसते. मुंबईकरांनी रघुनाथरावांशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याच्या सरकारने अमान्य केला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा निराळा तह केला. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे कोंडीत सापडलेल्या इंग्रज फौजेच्या अधिकाऱ्यांनी दिलेला करार मुंबई व कलकत्ता या दोन्ही ठिकाणच्या सरकारांनी झिडकारला. मराठ्यांनीही या साधनाचा उपयोग केला. सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी झाला आणि कलकत्त्याची मंजुरी जूनमध्येच मिळाली. नाना फडणवीसांनी मात्र हैदर अलीच्या बाजूने युद्धाचा रंग काय होतो हे पाहत पुण्याची मंजुरी लांबणीवर टाकली. डिसेंबर १७८२ मध्ये हैदरचा मृत्यू झाला, त्यानंतर ती देण्यात आली. त्या सहा-सात महिन्यांत तह झालेला असूनही पुणे दरबार मोकळा होता.

१८०२ मध्ये अशी मोकळीक बाजीरावांना नव्हती. राजधानी गेली होती, मसनदीवर दुसरा वारस बसविण्याची तयारी चालली होती आणि रक्षणास इंग्रजी फौज होती. पेशव्यांच्या बाजूने मंजुरी लांबविण्यास वाव उरला नाही.

दुसरा प्रश्न अधिकाराचा होता. पेशवे हे नावाने साताऱ्याच्या छत्रपतींचे प्रधान होते. पेशव्यांच्या तहाने शिंदे, भोसले, होळकर किती बांधले जातात, याचा लेखी नियम मराठी राज्यात नव्हता. मोठे तह करताना प्रमुख सरदारांची संमती वा सहभाग घेण्याचा प्रघात मात्र होता. सालबाईच्या तहात महादजी शिंदे हे वाटाघाटी करणारे तसेच दोन्ही पक्षांचे जामीन होते. त्याच सुमारास अमेरिकेत ब्रिटनशी झालेल्या एका वादग्रस्त तहाचे उदाहरण तुलनेसाठी पाहण्याजोगे आहे. जॉन जे यांनी नोव्हेंबर १७९४ मध्ये केलेला तह तेथील सेनेटपुढे ठेवावा लागला. जून १७९५ मध्ये २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे राज्यघटनेस आवश्यक असलेल्या नेमक्या दोन-तृतीयांश बहुमताने, तो संमत झाला. विरोध तीव्र होता, पण त्याला मांडण्याची जागा व मोजण्याची रीत ठरलेली होती. मराठी राज्यात तशी संस्था नसल्याने वसईच्या तहाला असलेला विरोध प्रथम वकिलांच्या तोंडून आणि मग रणांगणावर व्यक्त झाला.

मराठा सरदारांची भूमिका

तहानंतर बाजीरावांनी दौलतराव शिंदे यांच्याकडे बाळोजी कुंजर आणि नागपूरचे रघुजी भोसले यांच्याकडे नारायणराव वैद्य यांना पाठविले. तहाचा आशय समजावून सांगणे हे त्यांचे जाहीर काम होते. प्रत्यक्षात या सरदारांनी फौजेसह पुण्याकडे यावे, असा बाजीरावांचा गुप्त निरोप होता. स्वतः मंजूर केलेल्या तहाविषयी पेशव्यांचे मन द्विधा होते, हे यावरून दिसते.

दौलतरावांचा आक्षेप असा होता की सालबाईच्या तहाचे शिंदे हे जामीन असताना नवा तह त्यांना विचारल्यावाचून झाला. सुरुवातीस त्यांनी तहाच्या आड येण्याचा आपला हेतू नसल्याचे रेसिडेंट कर्नल कॉलिन्स याला सांगितले. परंतु २८ मे १८०३ रोजीच्या भेटीत, भोसल्यांची गाठ पडल्यानंतरच सलोखा की युद्ध हे कळविता येईल, असे उत्तर त्यांनी दिले. रघुजी भोसले यांचा विरोध अधिक उघड होता. यशवंतराव होळकर यांनी पुणे सोडले, मात्र ते शिंदे-भोसले यांच्या आघाडीत सामील झाले नाहीत.

सर्वच मराठा सरदार तहाच्या विरोधात नव्हते. पटवर्धन, बापू गोखले इत्यादी दक्षिणेकडील सरदार बाजीरावांना परत आणण्यासाठी निघालेल्या आर्थर वेलस्लीच्या फौजेबरोबर होते. आर्थर वेलस्ली २० एप्रिल १८०३ रोजी पुण्यात पोहोचला आणि १३ मे रोजी बाजीराव पुन्हा मसनदीवर बसले.

दुसरे इंग्रज-मराठा युद्ध

कॉलिन्सने ३ ऑगस्ट १८०३ रोजी शिंद्यांची छावणी सोडली आणि युद्धास तोंड लागले. दख्खनेत आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला ऑगस्टमध्ये घेतला. २३ सप्टेंबर रोजी असई येथे, २९ नोव्हेंबर रोजी अडगाव येथे त्याला विजय मिळाला आणि १५ डिसेंबर रोजी गाविलगड पडला. उत्तरेत जनरल लेक याने सप्टेंबरात दिल्ली घेतली व १ नोव्हेंबर रोजी लासवारीची लढाई जिंकली. भोसल्यांनी १७ डिसेंबर रोजी देवगावचा आणि शिंद्यांनी ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावचा तह केला. यशवंतराव होळकर १८०४ मध्ये स्वतंत्रपणे युद्धात उतरले व डिसेंबर १८०५ मध्ये त्यांच्याशीही तह झाला.

वसईच्या तहावर सही झाल्यापासून सुर्जी-अंजनगावच्या तहापर्यंत बरोबर एक वर्ष गेले. जी मान्यता सरदारांनी वाटाघाटीत दिली नाही, ती या वर्षाच्या अखेरीस पराभवातून मिळविली गेली.

इंग्लंडमधील वाद

ब्रिटिश पार्लमेंटच्या १७८४ च्या कायद्याने हिंदुस्थानात राज्यविस्ताराच्या योजना आखणे हे राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध असल्याचे जाहीर केले होते, आणि युद्धात गुंतविणारे तह करण्याच्या गव्हर्नर जनरलच्या अधिकारावर मर्यादा घातली होती. १७९३ च्या सनदी कायद्यात ही भूमिका कायम राहिली. वेलस्लीने केलेला तह या मर्यादेत बसतो की नाही, हा लंडनमधील वादाचा मुद्दा होता.

बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष लॉर्ड कॅसलरे याने १८०४ च्या प्रारंभी मराठा प्रकरणावर एक टिपण लिहिले. या तहामुळे कंपनी मराठ्यांच्या आपसांतील भांडणांत कायमची गुंतेल आणि त्यांच्या सरदारांना तो आपल्या स्वातंत्र्यावरील घाला वाटणे स्वाभाविक आहे, असा त्याचा आशय होता. आर्थर वेलस्लीने त्यास लेखी उत्तर दिले. तह केला नसता तर पुण्यात होळकरांची सत्ता स्थिर झाली असती आणि कंपनीच्या व निजामाच्या मुलखास धोका वाढला असता, असा त्याचा युक्तिवाद होता. वेलस्लीच्या पक्षाने फ्रेंचांच्या भीतीचाही आधार घेतला. हाउस ऑफ कॉमन्समध्ये फिलिप फ्रान्सिस याने मराठा युद्धाच्या धोरणावर टीका केली. युद्धाचा वाढता खर्च व होळकरांविरुद्धचे अपयश यांमुळे कोर्ट ऑफ डायरेक्टर्सचा विश्वास उडाला आणि १८०५ मध्ये वेलस्लीच्या जागी लॉर्ड कॉर्नवॉलिस आला. धोरणावर टीका झाली, तरी तह मात्र रद्द झाला नाही.

दूरगामी परिणाम

तैनाती फौजेची मुख्य छावणी घोड नदीकाठी शिरूर येथे पडली. लवादाच्या कलमांमुळे पेशव्यांचे जुने हक्क मागण्याचा मार्ग रेसिडेन्सीतून जाऊ लागला. पटवर्धनादी जहागीरदारांशी असलेला पेशव्यांचा वादही १८१२ मध्ये रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या मध्यस्थीने पंढरपूर येथे मिटविण्यात आला. प्रजा व नोकर यांच्या बाबतीत हात न घालण्याचे कलम तहात असूनही असे घडले.

गायकवाडांकडील हिशेब मिटविण्यासाठी त्यांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनीच्या हमीवर पुण्यास आले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपूर येथे त्यांचा खून झाला. संशय त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले असता सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. यातून वाढलेल्या तणावात १३ जून १८१७ रोजी बाजीरावांना पुण्याचा तह करावा लागला. मराठी राज्यमंडळाचे प्रमुखपद त्यांनी त्यात लेखी सोडले. पेशव्यांचा तह इतर मराठा सरदारांना बांधतो काय, हा १८०२ मध्ये अनिर्णित राहिलेला प्रश्न अशा रीतीने पेशव्यांकडे काहीच अधिकार न ठेवता निकालात निघाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि ३ जून १८१८ रोजी बाजीराव जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाले. पुढे सालीना आठ लाख रुपये नेमणुकीवर ते बिठूर येथे राहिले व जानेवारी १८५१ मध्ये तेथेच वारले.

उत्तर कोकणावरील परिणाम

१८०२ च्या तहाने वसई पेशव्यांकडेच राहिली. खर्चासाठी तोडून दिलेल्या मुलखात उत्तर कोकणाचा समावेश नव्हता. १८१७ च्या पुण्याच्या तहाने मात्र उत्तर कोकण कंपनीकडे गेले. ज्या ठिकाणी पेशव्यांनी आपल्या रक्षणाचा तह केला, ते ठिकाण पंधरा वर्षांच्या आत त्याच मित्रसत्तेच्या हाती पडले.

वसईच्या ईशान्येस सह्याद्रीच्या उतारावर मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान होते. अठराव्या शतकात मराठ्यांनी त्याचा बराच मुलूख घेऊन त्यास मर्यादित केले होते. वसईच्या तहात जव्हारसारख्या लहान संस्थानिकांना पक्ष म्हणून स्थान नव्हते. पेशवाईच्या अस्तानंतर जव्हार ब्रिटिशांच्या अधिसत्तेखाली संस्थान म्हणून टिकले. त्याला लागून असलेला मोखाडा मात्र थेट ब्रिटिश अंमलात येऊन ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्याचा पेटा झाला. त्यामुळे एकाच डोंगरपट्ट्यातील शेजारी गावे सुमारे सव्वाशे वर्षे दोन निराळ्या राज्यव्यवस्थांत राहिली. १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्थापन झाल्यावर वसई, जव्हार व मोखाडा हे तिन्ही तालुके नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाले.

मूल्यमापन

मराठी इतिहासलेखनात या तहाकडे मराठी राज्याच्या स्वातंत्र्याचा शेवट म्हणून पाहण्याची परंपरा आहे आणि त्याची जबाबदारी बहुधा बाजीरावांवर टाकली जाते. गो. स. सरदेसाई यांच्या 'मराठी रियासती'त आणि न. चिं. केळकर यांच्या 'मराठे व इंग्रज' या ग्रंथात या काळाची सविस्तर चर्चा आहे. पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार प्रसिद्ध झाल्यामुळे क्लोज, कॉलिन्स व वेलस्ली यांच्या हालचाली दिवसवार पडताळता येतात.

बाजीरावांच्या दुबळेपणाइतकेच महत्त्व दौलतीच्या रचनेला द्यावे लागते. हडपसरच्या लढाईत मराठेच मराठ्यांशी लढले होते, आणि वसईच्या तहाला हरकत घेणारे शिंदे व होळकर तहानंतरही एकत्र आले नाहीत. नाना फडणवीसांच्या काळात मंजुरी रोखून धरता आली, कारण तिच्यामागे सरदारांची एकजूट व फौज होती. १८०२ मध्ये ती एकजूट नसल्याने पेशव्यांची मंजुरी तत्काळ मिळाली आणि सरदारांचा नकारही एकत्रित राहिला नाही.

वसईच्या किल्ल्याचे अवशेष वसई खाडीच्या मुखाशी असून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत.